पेगन म्हणजे गावकरी... आणि आमची येळवस

लॅटिनमध्ये 'पागानुस' असा एक शब्द आहे. मूळ अर्थ अगदी साधा: खेड्यात राहणारा, गावंढळ. इंग्रजीतला 'पेगन' त्यातूनच आला. रोमन साम्राज्यात चौथ्या शतकाच्या सुमारास जुने देव न सोडणाऱ्यांना ख्रिश्चन मंडळी याच नावाने ओळखू लागली. हाच शब्द का, यावर अभ्यासकांचे वाद आहेत. पण मला मजा वाटली ती मूळ अर्थाची. म्हणजे नायगाव तालुक्यातला मी जन्मजात पेगनच की! :)

आता गंमत बघा. युरोपात आज स्वतःला अभिमानाने पेगन म्हणवणारे लोक आहेत. झाडं, चंद्र, ऋतू यांना ते पूज्य मानतात, आणि त्यांच्यात चित्रकार, कवी, गाणारे पुष्कळ. पण ही परंपरा वाटते तेवढी जुनी नाही. इंग्लंडमध्ये 1735 चा जादूटोण्याविरुद्धचा कायदा 1951 साली रद्द झाला आणि 1954 मध्ये जेराल्ड गार्डनर यांचं 'विचक्राफ्ट टुडे' आलं. वर्षाचे आठ सण गोलात मांडलेलं त्यांचं 'वर्षचक्र'सुद्धा आजच्या रूपात त्याच दशकात जुळवलं गेलं. काही सण जुने होते, पण आठांची अशी मोट नवी.

रोनाल्ड हटन या इतिहासकारांनी 1999 च्या 'द ट्रायम्फ ऑफ द मून'मध्ये हे सगळं उलगडून दाखवलंय. त्यांचा एक मुद्दा मला फार आवडला. या नव्या धर्माची बरीचशी सामग्री कवींकडून आली. रानातला देव, चंद्राची देवी या प्रतिमा आधी एकोणिसाव्या शतकातल्या रोमँटिक कवितेत रुजल्या. रॉबर्ट ग्रेव्हज या कवीचं 'द व्हाइट गॉडेस' 1948 चं, गार्डनरच्या पुस्तकाच्या आधीचं. म्हणजे तिकडे आधी कविता आली, मग तिच्यातून देव आले.

आपल्याकडे उलटं झालं. देव शेतातच होते, कविता मागून आली.

आमच्याकडची येळवस घ्या. कागदोपत्री वेळा अमावस्या, मार्गशीर्षातली, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत येणारी. लातूर, धाराशिव आणि नांदेडच्या काही भागात हा सण आहे. पुण्या-मुंबईच्या मित्रांना मात्र दरवर्षी समजावून सांगावं लागतं. कन्नडमध्ये हिला 'एळ्ळु अमावस्ये' म्हणतात. एळ्ळु म्हणजे तीळ. आमच्याकडे सांगतात की कन्नड 'एळु' म्हणजे सात, आणि ज्येष्ठापासून मोजली तर ही सातवी अमावस्या. कुठलं खरं ते भाषावाल्यांनी ठरवावं, पण सण सीमेच्या दोन्ही बाजूंचा आहे एवढं नक्की.

त्या दिवशी लातूर शहर संचारबंदी लागल्यासारखं ओस पडतं, कारण सगळे रानात! शेतात कडब्याची कोप करायची. आत पाच दगड चुन्याने रंगवून मांडायचे: पांडव. सोबत लक्ष्मी. मडक्यात आंबील, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर आणि भज्जी. भज्जी म्हणजे तुरीचे, हरभऱ्याचे, वालाचे ओले दाणे आणि मिळेल ती भाजी घालून केलेला तो अफाट प्रकार. पूजा झाली की आंबील पिकावर शिंपडायची, ठरलेली आरोळी ठोकायची, आणि मग शेजारच्या कोपीवर जेवायला जायचं. बोलावणं लागत नाही. कुठे मंदिर नाही, मूर्ती नाही. कोप दुसऱ्या दिवशी मोडली तरी चालते.

असल्या शेंदऱ्या-चुन्याच्या दगडांकडे शास्त्रज्ञाच्या नजरेने पाहणारा माणूस म्हणजे दा. ध. कोसंबी. मूळचे गणिती! (आपल्या जमातीला अभिमान वाटावा असे.) 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी' (1962) मध्ये त्यांनी पुण्याच्या आसपास पायी हिंडून देवींची ठाणी नोंदवली आणि त्यांची सांगड जुन्या पायवाटांशी घातली. थोडक्यात, दगड हा लेगसी कोड आहे. कुणी लिहिला माहीत नाही, पण अजून चालतोय.

आणि याच मातीतून लेखन आलं. दुर्गा भागवत लोकसाहित्याच्या अभ्यासक. त्यांचं 'ऋतुचक्र' 1956 चं. गार्डनरमंडळी वर्षचक्र जुळवत होती त्याच दशकात बाईंनी मराठी महिने एकेक करून लिहून काढले. त्यांना चक्र नव्याने जुळवावं लागलं नाही, ते पंचांगात आणि झाडांवर होतंच. मग ना. धों. महानोर. सोयगाव तालुक्यातल्या पळसखेड्याचे, म्हणजे मराठवाड्याचेच. 'रानातल्या कविता' 1967 चा. ते शेवटपर्यंत शेतीत रमलेले होते. 2023 च्या ऑगस्टमध्ये गेले. 1977 च्या 'जैत रे जैत'ची गाणी त्यांचीच. गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवरच्या या सिनेमात ठाकरांचा देव आहे लिंगोबाचा डोंगर! डोंगर, मधमाश्या आणि ढोल. यापेक्षा जास्त पेगन सिनेमा हॉलिवूडने केला असेल तर मला दाखवा.

मी काही भाविक नाही. माझ्या मते प्रेरणा श्रद्धेतून येते असंही नाही. हा सण तुम्हाला वर्षातून एक दिवस रानात उभं करतो आणि तूर, हरभरा, ज्वारी कुठवर आलीय ते बघायला लावतो. बघितलं की शब्द येतात. महानोर रोज बघत होते.

इथेच मला काळजी वाटते. आमच्या भागात सोयाबीन वाढत गेलं तशी ज्वारी मागे हटत गेली. ज्वारी नाही तर कडबा नाही, कडबा नाही तर कोप नाही. हल्ली काही रानांत साड्या किंवा हिरवी जाळी बांधून काम भागवतात. आमची आजी ठाम असते: "कोप कडब्याचीच पायजे बाबा. लक्ष्मी जाळीत बसत नसती." लोक याला अंधश्रद्धा म्हणतील. मला त्यात पीकपद्धतीवरचा नेमका शेरा दिसतो. भज्जीला लागणारं सगळं बाजारातून आणलं तर सण उरेल, पण सहल म्हणून.

इंग्लंडमध्ये साखळी तुटली, म्हणून पुस्तकं धुंडाळून नवी जोडावी लागली. आपली अजून तुटलेली नाही. ती टिकवायची तर निबंध पुरणार नाही (हासुद्धा!). बांधाच्या कडेला चार ओळी ज्वारी पेरावी लागेल. यंदा घरी तेवढं कबूल करून घेतलंय. कडबा कमी पडला तर कोप लहान करू.