खोटी शस्त्रक्रिया

मेंदूतल्या डोपामिन बनवणाऱ्या पेशी मरत असतील तर नव्या आणून लावायच्या. पार्किन्सन्सवरचा हा उपाय कुणालाही पटावा इतका सरळ आहे. लिव्होडोपाच्या गोळीने हातपाय मोकळे होतात खरे, पण काही वर्षांनी तिचा भरवसा राहत नाही. म्हणून डॉक्टर मंडळी पेशींच्या मागे लागली.

मेक्सिकोच्या इग्नासिओ माद्राझोंनी रुग्णाच्याच ॲड्रिनल ग्रंथीचा तुकडा त्याच्या मेंदूत बसवला. दोन रुग्ण कमालीचे सुधारल्याचं त्यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलं. झालं! ठिकठिकाणी शेकडो शस्त्रक्रिया झाल्या, पण तो गुण काही दिसेना. त्याच वर्षी स्वीडनमध्ये लुंडला गर्भपातातून मिळालेल्या भ्रूणांच्या मेंदूपेशी वापरायला सुरुवात झाली. पुढे तिथले काही रुग्ण खरोखर सुधारले.

पण इथे एक गोची आहे. पार्किन्सन्सचा रुग्ण नुसत्या आशेनेही काही काळ बरा दिसू शकतो. मग गुण पेशींचा की आशेचा?

हे तपासायला अमेरिकेत कर्ट फ्रीड यांच्या गटाने ४० रुग्ण घेतले. २० जणांना पेशी दिल्या. उरलेल्या २० जणांच्या कवटीला फक्त भोकं पाडली, मेंदूला हात लावला नाही. सगळे शुद्धीवर होते, पण आपण कुठल्या गटात हे कुणालाच ठाऊक नव्हतं. उपचार न देता कवटी भोसकायची, हे कुठल्या नीतीत बसतं? यावर कडाडून वाद झाला.

२००१ मध्ये निकाल आला. रुग्णांनी स्वतः दिलेल्या गुणांत दोन्ही गट सारखेच! तपासणीत साठीच्या आतल्यांना थोडा फायदा दिसला, पुढच्यांना नाही. नंतर खोट्या गटातल्या १४ जणांनीही पेशी घेतल्या. अशा एकूण ३३ पैकी ५ जणांचे अवयव वर्षभरानंतर आपोआप हलू लागले, आणि औषध कमी करूनही ते थांबेना. २००४ मधला निष्कर्ष तर आणखी बोलका: 'मला पेशी मिळाल्या' असं ज्यांना वाटत होतं, त्यांचं जगणं जास्त सुधारलं. खरंच मिळाल्या होत्या का, हा प्रश्न गौण ठरला.

म्हणजे ती भोकं पाडली नसती, तर हाच उपचार हजारोंच्या गळ्यात पडला असता. ते २० जण फसवले गेले नाहीत. पुढच्यांना त्यांनी वाचवलं, असं मला वाटतं.

२०२५ मध्ये मूलपेशींपासून बनवलेल्या पेशींचे निकाल आले. क्योतोत ७ रुग्ण, अमेरिका-कॅनडात १२. दोन्हीकडे उपचार सुरक्षित दिसला, पण तुलनेला खोटा गट नव्हता. त्याच वर्षी अमेरिकेतल्या पेशींची तिसऱ्या टप्प्यातली चाचणी सुरू झाली. तिच्यात पुन्हा खोटी शस्त्रक्रिया आहे.