केसांतली फुलं आणि सरकारी हुकूम

बाईच्या डोक्यावर काय असावं आणि काय नसावं, हे ठरवण्याची सत्तेची हौस फार जुनी आहे. ती एका देशाची नाही, एका धर्माचीही नाही. जपानच्या त्सुमामी कानझाशीबद्दल वाचताना मला हेच पुन्हा पुन्हा जाणवत राहिलं. वरवर पाहिलं तर ही केसांत माळायची रेशमी फुलं. पण त्यांचा इतिहास हुकुमांनी भरलेला आहे.

कानझाशी म्हणजे केसांत खोचायचा दागिना, आणि 'त्सुमामू' म्हणजे चिमटीत धरणं. पातळ रेशमाचे लहान लहान चौकोन कापायचे, चिमट्याने एकेक घडी घालायची, तांदळाच्या खळीवर ठेवायचे आणि मग पाकळीला पाकळी लावून फूल उभं करायचं. मुख्य घड्या दोनच, एक गोल आणि एक टोकदार. गोल घडीतून प्लमचा बहर होतो, टोकदार घडीतून शेवंती. खळ पाण्याने सुटते, म्हणून या फुलांना पावसाची आणि दमटपणाची भीती असते.

ही कला एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, तोकुगावा राजवटीत फुलली. एदोला आलेले लोक परतताना ही हलकी, रंगीत फुलं घरच्यांसाठी घेऊन जात. त्याच काळात सरकार उधळपट्टीवर वारंवार बंदी घालत होतं. 1787 ते 1793 मध्ये मात्सुदाइरा सादानोबूने आणि 1841 ते 1843 मध्ये मिझुनो तादाकुनीने काटकसरीच्या नावाखाली महागड्या दागिन्यांवर निर्बंध आणले. त्यात फण्या आणि कानझाशीही आल्या. व्यापारी श्रीमंत झाले होते, आणि त्यांच्या बायका सामुराईंच्या बायकांपेक्षा उठून दिसू लागल्या होत्या. सरकारचं दुखणं हे होतं, असं मला वाटतं. सोन्याचांदीवर बंदी घालणं सोपं असतं. कापडाचा तुकडा, खळ आणि कुशल बोटं यांवर कोण बंदी घालणार?

मेइजी काळात हुकुमांची दिशा बदलली, सवय मात्र तीच राहिली. 1871 मध्ये पुरुषांना शेंडी कापायला मोकळीक मिळाली. त्यात आधुनिकता होती. काही बायकांनीही केस कापले, तर 1872 मध्ये त्यांना मनाई झाली. म्हणजे नव्या युगात पुरुषाने पुढे जायचं आणि परंपरा बाईने डोक्यावर वाहायची! पुढे 1885 मध्ये सुधारकांनीच बायकांनी सोप्या पाश्चात्त्य केशरचना कराव्यात म्हणून मोहीम सुरू केली. जुने अंबाडे कमी झाले, तशी फुलांची मागणीही घटली. 1940 च्या जुलैमध्ये युद्धाच्या नावाखाली चैनीच्या वस्तू बनवण्या-विकण्यावर बंदी आली.

तरीही ही कला टिकली. क्योतोच्या माइको, म्हणजे गेइको होण्याचं शिक्षण घेणाऱ्या मुली, आजही महिन्यागणिक फूल बदलतात. फेब्रुवारीत प्लम, मार्चमध्ये मोहरीची पिवळी फुलं, एप्रिलमध्ये साकुरा, मेमध्ये विस्टेरियाचे जांभळे घोस, नोव्हेंबरमध्ये मेपलची लाल पानं. डिसेंबरच्या कानझाशीत नावाच्या छोट्या कोऱ्या पाट्या असतात. मिनामीझा नाट्यगृहात काबुकीचे प्रयोग होतात, तेव्हा माइको आपल्या आवडत्या नटाकडून त्यांवर सही घेतात. पहिल्या वर्षाच्या माइकोच्या कानाशी फुलांच्या लांब लडी लोंबतात. वर्षं सरतात तशी फुलं आटोपशीर होतात, आणि गेइको झाल्यावर ती जातातच. जाणकाराला फुलांवरून महिना कळतो आणि मुलीचा अनुभवही. हे सौंदर्य मोहवणारं आहे. पण तिथेही काय माळायचं हे त्या मुलीच्या एकटीच्या मर्जीवर नसतं, हे विसरता येत नाही.

1982 मध्ये एदो त्सुमामी कानझाशीला टोकियोने पारंपरिक हस्तकला म्हणून मान्यता दिली. बंदी घालणारं सरकार याच शहरात बसत होतं, आणि कौतुकाचा शिक्काही इथूनच आला. आज सात वर्षांच्या मुली शिचि-गो-सानच्या सणाला, 15 नोव्हेंबरच्या सुमारास, ही फुलं माळून देवळात जातात. अनेक बायका घरीच चिमटा घेऊन ती बनवायला शिकतात. कुणी माळतं, कुणी माळत नाही, आणि न माळणारीला दंड होत नाही. या साऱ्या इतिहासात मला सर्वांत मोलाची वाटते ती हीच गोष्ट.