वूस्टर बार
वूस्टर बार : इंग्लंडमधील बर्मिंगहॅम शहरात गॅस स्ट्रीट धक्क्यापाशी असलेला, दोन प्रतिस्पर्धी कालव्यांमधील आडबांध. बर्मिंगहॅम कालवा १७७२ मध्ये पूर्ण झाला होता. पुढे बर्मिंगहॅमपासून सेव्हर्न नदीकाठच्या वूस्टरपर्यंत नवा कालवा खणण्यास संसदेने १७९१ मध्ये संमती दिली. तथापि आपले पाणी नव्या कालव्यात वाहून जाईल व पथकराचे उत्पन्न घटेल, या भीतीने जुन्या कंपनीने दोहोंमध्ये सात फूट (सु. २·१ मी.) रुंदीचा बांध राखण्याची अट अधिनियमात घालून घेतली. शहर उंचावर वसलेले असल्याने पाण्याची चिंता अनाठायी नव्हती. परंतु व्यापारी मत्सरही तितकाच प्रबळ होता. परिणामी समोरासमोर उभ्या असलेल्या नावांमधील कोळसा व इतर माल मजुरांना हातांनी उचलून बांधापलीकडे चढवावा लागे. वेळ आणि मजुरी दोन्ही व्यर्थ जात. सु. ४८ किमी. लांबीचा व ५८ जलपाशांचा वूस्टर कालवा १८१५ च्या डिसेंबरमध्ये पुरा झाला. त्याच वर्षीच्या अधिनियमाने बांधात जलपाश बसविण्यास परवानगी मिळाली आणि नावा थेट पार जाऊ लागल्या. १९४८ मध्ये दोन्ही कालव्यांचे राष्ट्रीयीकरण झाले. जलपाशाची दारे आता काढून टाकलेली आहेत. बांध मात्र शाबूत असून त्याच्या दोन्ही अंगांस अरुंद नावा नांगरलेल्या असतात.