पिक्चरेस्क

मागच्या पावसाळ्यात एका वीकेंडला अजिंठ्याला गेलो होतो. मुक्काम फर्दापूरला. सकाळी चहा प्यायला बाहेर पडलो तर समोर एक पडकी मातीची भिंत, वर गवत उगवलेलं, खाली दोन शेळ्या. लगेच मोबाईल काढला. चहावाले काका म्हणाले, "पडकं कशाला काढता दादा? मागं आमचं नवं घर बांधलंय, त्याचा काढा की." मी हसून वेळ मारून नेली आणि फोटो टीमच्या ग्रुपवर टाकला. ऑनसाईट मॅनेजरचं एका शब्दात उत्तर आलं, 'पिक्चरेस्क!'

आपण हा शब्द 'निसर्गरम्य' अशा अर्थाने सरसकट वापरतो. पण मूळ इटालियन 'पित्तोरेस्को' म्हणजे चित्रकाराला साजेसं. अठराव्या शतकात विल्यम गिल्पिन नावाच्या इंग्लिश पाद्र्याने त्याचा जवळजवळ पंथच काढला. त्याचं वाय नदीच्या प्रवासाचं पुस्तक १७८२ चं. त्याचं म्हणणं असं, की गुळगुळीत ते नुसतं सुंदर. चित्रात शोभायला मात्र खडबडीत, मोडकं काहीतरी हवं. टिंटर्नचा पडका मठसुद्धा त्याला पुरेसा पडका वाटला नाही! हातोडा घेऊन नेमके घाव घातले तर बरं दिसेल, असं या गृहस्थाने चक्क लिहून ठेवलंय.

त्या काळचे टुरिस्ट 'क्लोद ग्लास' नावाचा गडद, फुगीर आरसा बाळगायचे. देखाव्याकडे पाठ करायची आणि आरशात बघायचं. सेल्फीचे पणजोबाच म्हणा ना :) जेन ऑस्टेनने 'नॉर्थँगर ॲबे'मध्ये (डिसेंबर १८१७, म्हणजे तिच्या मृत्यूनंतर आलेली कादंबरी) या फॅडची मस्त खेचली आहे. नायिका यावर एकच लेक्चर ऐकते आणि टेकडीवर पोचल्यावर अख्खं बाथ शहर चित्रात घ्यायच्या लायकीचं नाही म्हणून बाद करते.

तर हा शब्द आपल्याकडेही आला. जेम्स फर्ग्युसनने १८३९ साली अजिंठा पाहिला आणि १८४८ मध्ये भारतातल्या जुन्या वास्तूंवर चित्रांचं पुस्तक काढलं. त्याच्या नावातला पहिलाच शब्द 'पिक्चरेस्क'. फर्ग्युसनवर अन्याय नको करायला, कारण चित्रांच्या नकला करून घ्या म्हणून मागे लागलेलाही तोच. त्यातूनच १८४४ मध्ये रॉबर्ट गिल इथे आला. (गिल आणि पारोची गोष्ट महानोरांच्या 'अजिंठा'मुळे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून आवरतो.) गिलच्या बहुतेक नकला १८६६ च्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या.

आणि हातोडा? एप्रिल १८१९ मध्ये जॉन स्मिथने दहाव्या लेण्यात चित्रावरच आपलं नाव कोरलं. नंतर आलेल्या काही साहेबांनी रंगवलेल्या गिलाव्याचे तुकडे काढून नेले.

त्या दिवशी सतराव्या लेण्यात उभा होतो तेव्हा जाणवलं, की पाचव्या शतकातल्या या चित्रकारांना पडक्याचं काही कौतुक नव्हतं. भरलेले महाल, गर्दी, दागिने, हत्ती. सगळं नवं कोरं, नांदतं. पिक्चरेस्क काय असेल तर तो उडालेला रंग, आणि तो त्यांनी काढलेला नाही.

संध्याकाळी निघताना काकांच्या नव्या घराचाही फोटो घेतला. गुलाबी रंग, स्टीलची रेलिंग, दारावर तोरण. काका मुद्दाम शर्ट बदलून दारात उभे राहिले.

तो फोटो मात्र ग्रुपवर टाकला नाही. अजून मोबाईलमध्येच आहे.