होळकरांच्या फौजेतला टोलेबाज : कर्नल सी. के. नायडू

डमडमचं नाव जगभर गेलं ते एका गोळीमुळे. १८९० च्या दशकात इथल्या दारूगोळा कारखान्यात कॅप्टन बर्टी-क्ले यांनी अंगात शिरल्यावर फुलणारी गोळी तयार केली, आणि १८९९ च्या हेग परिषदेत तशा गोळ्यांवर बंदी आली. पण या पोस्टिंगमध्ये मला जास्त आठवण होते ती दुसऱ्याच माऱ्याची. डमडमहून मेट्रोने एस्प्लनेडला उतरलं की ईडन गार्डन्स चालत गाठता येतं. तिथे १९३४ च्या जानेवारीत कोलकात्यातली पहिली कसोटी झाली. डग्लस जार्डिनच्या इंग्लंडविरुद्ध भारताचा कप्तान होता आपला नागपूरकर, कोट्टारी कनकय्या नायडू. सगळे त्यांना सी.के. म्हणत.

आपल्या पलटणींमध्ये एक वाद जुना आहे. खेळाडू म्हणून भरती झालेल्या जवानाच्या खांद्यावरची फीत खरी मानायची की नाही? आम्ही गस्त घालतो, तो मैदानावर पळतो, मग हुद्दा सारखाच कसा? हा वाद कानावर आला की मी सी.के. नायडूंची गोष्ट सांगतो.

सी.के. यांचा जन्म ३१ ऑक्टोबर १८९५ चा. घर तेलुगू, पण गाव नागपूर. शिक्षण हिस्लॉपमध्ये. अमेरिकेचा बेसबॉलमधला महान टोलेबाज बेब रूथ हाही १८९५ चाच. रूथला चेंडू मैदानाबाहेर मारण्यासाठी क्लब रोख पगार देत आणि तो पगार वर्तमानपत्रांत छापून येई. आपल्याकडे तेव्हा क्रिकेटवर पोट भरायची तशी सोय नव्हती. सोय होती ती संस्थानिकांच्या दरबारी. १९२३ साली तुकोजीराव होळकरांनी सी.के. यांना इंदूरला बोलावलं आणि आपल्या फौजेत कॅप्टन केलं. पुढे ते कर्नल झाले. म्हणजे हुद्दा मिळाला तो बॅटीच्या जोरावर, हे उघड आहे.

आता त्यांनी या हुद्द्याचं काय केलं ते पाहा.

१९२६ च्या अखेरीस आर्थर गिलिगनचा एमसीसी संघ मुंबई जिमखान्यावर हिंदू संघाशी खेळत होता. पाहुण्यांच्या गाय अर्लने आठ षटकार मारत १३० धावा ठोकल्या होत्या. १ डिसेंबरला सी.के. खेळायला आले आणि ११६ मिनिटांत त्यांनी १५३ धावा काढल्या, त्यांत तब्बल ११ षटकार. चेंडू जिमखान्याच्या छपरावर जाऊ लागले. बातमी शहरात पसरली तशी माणसं कामं टाकून मैदानाकडे धावली. आजूबाजूची झाडं आणि गच्च्या भरून गेल्या. एमसीसीने त्यांना चांदीची बॅट भेट दिली. दोनच वर्षांनी, १९२८ च्या डिसेंबरात, भारतीय क्रिकेट नियामक मंडळ स्थापन झालं. इथली माणसं कसोटी खेळू शकतात, हा भरवसा वाढवण्यात त्या खेळीचाही वाटा होता.

१९३२ च्या इंग्लंड दौऱ्यावर कप्तान होते पोरबंदरचे महाराज. पण आपल्या खेळाची मर्यादा त्यांना ठाऊक होती. उपकप्तान लिंबडीचे राजकुमार जायबंदी झाल्यावर २५ जून १९३२ ला लॉर्ड्सवर संघ घेऊन उतरले ते सी.के. एका संस्थानिकाने दुसऱ्या संस्थानिकाच्या चाकरीतल्या माणसासाठी जागा सोडली. फौजेत राहिलेल्यांना ही गोष्ट किती मोठी आहे हे सांगायला नको. क्षेत्ररक्षण करताना हाताला मार लागूनही पहिल्या डावात भारताकडून सर्वाधिक ४० धावा त्यांच्याच होत्या. त्या दौऱ्यात त्यांनी ३२ षटकार मारले. बर्मिंगहॅमच्या एजबॅस्टनवर मारलेला एक टोला तर रिया नदी ओलांडून शेजारच्या कौंटीत गेला, असं आजही सांगितलं जातं. पुढच्या वर्षी 'विस्डेन'ने त्यांची वर्षातल्या पाच क्रिकेटपटूंत निवड केली.

कसोटीतले आकडे साधेच आहेत: ७ सामने, ३५० धावा, सरासरी २५. पहिली कसोटी खेळायला मिळाली तेव्हा वय छत्तीस होतं, हे लक्षात ठेवूनच ते आकडे वाचावेत.

खरी चाकरी इंदूरला झाली. मुश्ताक अली, चंदू सरवटे, भाऊसाहेब निंबाळकर, हिरालाल गायकवाड अशा खेळाडूंचा होळकर संघ त्यांनी फौजी शिस्तीत बांधला. महूच्या छावणीत असलेला इंग्रज सैनिक डेनिस कॉम्प्टनही होळकरांकडून १९४४-४५ ची अंतिम लढत खेळला आणि त्याने नाबाद २४९ केल्या. होळकर संघाने चार वेळा रणजी करंडक जिंकला. त्यातला शेवटचा १९५२-५३ साली इथे कोलकात्यात, बंगालवर पहिल्या डावातली आघाडी घेऊन.

त्याच्या आदल्या वर्षीचा अंतिम सामना मुंबईशी होता. दत्तू फडकरांचा उसळलेला चेंडू सी.के. यांच्या तोंडावर बसला आणि दात पडले. वय छप्पन्न. त्यांनी खेळपट्टीवरचे दात बाजूला सारले आणि पुन्हा गार्ड घेतला. फडकरांनी वेग कमी केलेला त्यांना चालणार नव्हता.

कोलकात्याच्या बाथगेट कंपनीच्या लिव्हर टॉनिकची जाहिरातही त्यांनी १९४१ साली केली. भारतीय क्रिकेटपटूने केलेली ती पहिलीच जाहिरात मानतात. नाव विकलं जात होतं, तरी पाय मैदानातच होते. साठी उलटल्यावर ते उत्तर प्रदेशाकडून रणजी खेळले, आणि शेवटचा प्रथम श्रेणीचा सामना खेळले तो १९६३-६४ च्या हंगामात, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी. १४ नोव्हेंबर १९६७ ला इंदूरला त्यांचं निधन झालं.

म्हणून त्या फितीच्या वादात माझं मत पक्कं आहे. ती कशी मिळाली हे भरतीच्या कागदावर असतं. नंतर तिचं वजन ज्याचं त्याने उचलायचं असतं. होळकरांचं संस्थान गेलं, त्यांची फौज गेली, पण तो हुद्दा टिकला. मंडळाच्या तरुण खेळाडूंच्या स्पर्धेचं नाव आजही 'कर्नल सी. के. नायडू करंडक' असं आहे, आणि आपल्या सेनादलाची पोरंही त्यात खेळतात.