‘विश्वासू’ या विशेषणाचा इतिहास : शरणपूरचे आफ्रिकी विद्यार्थी

ज्यांचा मृत्यूनंतरचा संस्कार राहून गेला, त्यांच्यासाठी त्र्यंबकेश्वरी नारायणबळीच्या विधीत पिठाचा देह घडवून त्यास अग्नी देतात. तेथून सुमारे २८ किलोमीटरवर, नाशिकच्या शरणपुरात शिकलेल्या काही तरुणांनी एक खराखुरा देह संस्कारासाठी नऊ महिने वाहून नेला. या कृतीचा अन्वयार्थ मात्र त्यांच्या हाती राहिला नाही.

विल्यम सॉल्टर प्राइस या मिशनऱ्याने १८५४ च्या सुमारास वसवलेल्या शरणपुरात, अरबी गलबतांवरून ब्रिटिश आरमाराने सोडवलेली आफ्रिकी मुले आणली जात. तेथे त्यांना अक्षरओळख, सुतारकाम, लोहारकाम आणि नवी ख्रिस्ती नावे मिळत. ‘शरण’ या शब्दात आश्रय आणि शरणागती दोन्ही वसतात. या मुलांच्या वाट्याला दोन्ही आले.

त्यांपैकी जेकब वेनराइट १ मे १८७३ च्या सुमारास चिटांबोच्या गावी लिव्हिंगस्टनच्या मृत्यूसमयी तांड्यात होता. काळीज तेथेच पुरले. दफनाची प्रार्थना वेनराइटने वाचली आणि झाडावर लिव्हिंगस्टनच्या नावाखाली सोबत्यांची नावेही कोरली. मीठ घालून वाळवलेला देह घेऊन तांडा फेब्रुवारी १८७४ मध्ये बागामोयोस पोहोचला. वाट गुलामांच्या व्यापाराच्या मुलखातून जात होती, आणि वाटेत काही सोबती मेले. मुक्त झालेली माणसे पुन्हा त्याच मुलखातून स्वेच्छेने चालत होती, हे विसरता कामा नये.

होरेस वॉलरने १८७४ मध्ये लिव्हिंगस्टनच्या अखेरच्या रोजनिशा संपादित केल्या. त्यातील मृत्यूनंतरचा वृत्तान्त चुमा व सुसी यांच्या तोंडच्या हकिगतीवर उभा आहे. त्या काळी आणि पुढेही या वाचनाने त्यांना ‘विश्वासू सेवक’ ठरवले. परंतु निष्ठेचा हा अर्थ एका प्रसंगाशी अडखळतो. उन्यान्येंबे येथे कॅमेरन या ब्रिटिश अधिकाऱ्याने देह तेथेच पुरावा, असे सुचवले, तेव्हा तांड्याने नकार दिला. सेवक आज्ञा पाळतो. येथे गोऱ्या अधिकाऱ्याची सूचना डावलली गेली. तेव्हा हा त्याग आज्ञापालनाचा नसून स्वतःच्या निर्णयाचा होता, असे म्हणावे लागते. निर्णयाचा अधिकार हाच तर गुलामाकडून आधी हिरावला जातो.

वेनराइटने स्वतः इंग्रजीत रोजनिशी लिहिली. ती १८७४ मध्ये छापली गेली, पण जर्मन भाषांतरात. १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीस खांदा देणाऱ्यांत तो होता. चुमा व सुसी इंग्लंडला पोहोचले, ते दफन उरकल्यावर.

निष्ठेच्या कथेत न बसणारा पुढला भाग फारसा सांगितला जात नाही. शरणपुरात शिकलेला विल्यम जोन्स मोंबासाजवळील रबाई येथे मिशनचा कार्यकर्ता होता. पळून आलेल्या गुलामांना ठेवून घेण्यास मिशनचा विरोध होता. तरीही १८८८ पर्यंत रबाईत शेकडो पळपुटे आश्रयास राहिले होते. अखेर १ जानेवारी १८८९ रोजी सुमारे १४०० जणांना मुक्तिपत्रे देण्यात आली. नुकसानभरपाई मात्र मालकांना मिळाली.