रोडग्याचं भारूड आणि गाण्यातला 'खरा अर्थ'

1967 साली जॉन लेननला त्याच्या जुन्या शाळेतल्या एका मुलाचं पत्र आलं : आमचे मास्तर वर्गात बीटल्सच्या गाण्यांचा अर्थ लावायला लावतात. लेननला हसू आलं आणि 'आय ॲम द वॉलरस' या गाण्यात त्याने मुद्दाम अर्थ लागू नये अशा ओळी घातल्या. लोक त्यांचाही अर्थ लावत बसले! संशोधन करू पाहणाऱ्याने यातून एक गोष्ट धरून ठेवावी. कवीला काय म्हणायचं होतं हा एक प्रश्न आणि ऐकणाऱ्यांनी काय ऐकलं हा दुसरा. दोन्हींचे पुरावे वेगळ्या ठिकाणी सापडतात.

आमच्या लोहाऱ्याकडे हा प्रश्न समजून घ्यायला बीटल्स लागत नाहीत. सप्ताहात एकनाथांचं रोडग्याचं भारूड लागलं की मंडप हलतो. एक सून भवानीला नवस बोलते, आणि भवानी म्हटलं की इथल्या माणसाच्या डोळ्यांपुढे आमच्या जिल्ह्यातलं तुळजापूरच येतं. सून मागते काय? सासरा परगावी गेलाय, तो तिकडेच संपू दे. जाच करणारी सासू जाऊ दे. तोंडाळ जाऊ बोडकी होऊ दे. नणंदेच्या किरकिऱ्या पोराला खरूज होऊ दे. नवऱ्याची तर ती आहुतीच द्यायला निघते, म्हणजे आपण मोकळी! आणि एवढ्या सगळ्याच्या बदल्यात देवीला काय, तर रोडगा. आरावर भाजलेला कणकेचा जाड गोळा. बोकड नाही, साडीचोळी नाही. लोक हसतात ते उगाच नाही.

मग कीर्तनकार उलगडा करतात. सासू म्हणजे माया, सासरा म्हणजे अहंकार, पोर म्हणजे वासना. ही यादी कीर्तनकारागणिक बदलते, ती पाठ करून काही हाती लागत नाही. न बदलणारी गोष्ट म्हणजे शेवटचं कडवं : सगळेच जाऊ देत, मला एकलीला राहू दे. 'एका जनार्दनी' ही नाथांची नाममुद्रा, त्यातला 'एका' आणि सुनेचं 'एकली' राहणं एकाच कडव्यात शेजारी येतात. हा खेळ सहज जुळलेला नाही असं मला वाटतं. 1584 मध्ये ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून शुद्ध पाठ तयार करणारा हा माणूस, शब्द कसा तोलायचा ते त्याला ठाऊक होतं.

इथपर्यंत बहुतेक निबंध येतात आणि थांबतात. वरवर सासुरवास, आत अध्यात्म, झालं. माझं म्हणणं असं की वरचा अर्थ आपण फार लवकर सोडून देतो. 'बोडकी' हा शब्द पुन्हा बघा. जावेला बोडकी कर म्हणजे तिचा नवरा मरू दे, तिचं केशवपन होऊ दे. हा शाप आहे, आणि ऐकणाऱ्यांना तो शाप म्हणून लगेच कळत होता. पण पुढे सून स्वतःच्या नवऱ्याचं मरण मागते तेव्हा त्याला ती 'मोकळी' होणं म्हणते. एकच घटना, जावेला शिक्षा आणि हिला सुटका? त्या समाजात नवरा गेल्यावर बाई मोकळी होत नव्हती, बोडकी होत होती, आणि ते याच गाण्याने दोन कडवी आधी सांगितलंय. म्हणजे घरगुती अर्थ इथे स्वतःच्याच वजनाने तुटतो, आणि तिथूनच दुसरा अर्थ आत येतो. विधवेचं जिणं काय होतं हे ज्याला दिसत नाही, त्याला हे अध्यात्मही वरूनच चिकटवलेलं वाटणार.

आता खबरदारीचं. हा आवाज बाईचा असला तरी रचना पुरुषाची आहे, आणि भारुडात लुगडं नेसून सून होणाराही बहुधा पुरुषच. त्यामुळे 'सोळाव्या शतकातल्या बायका असं बोलत' असं वाक्य प्रबंधात टाकू नका, मार्गदर्शक लाल रेघ मारतील आणि बरोबरच मारतील. ताडून पाहायला जात्यावरच्या ओव्या आहेत. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी सुरू केलेल्या कामातून खेड्यापाड्यांतल्या बायकांच्या लाखभर ओव्या जमल्या, आता त्या 'परी'च्या संकेतस्थळावर ऐकता येतात. त्या विसाव्या शतकात नोंदवलेल्या आहेत हे विसरू नका. तरी सासरबद्दल बायका स्वतः कोणत्या शब्दांत बोलतात ते त्यांत मिळतं. एलिनॉर झेलियट यांचा नाथांच्या भारुडांवरचा लेख आणि कीर्तनकारांच्या बाडांबद्दल ख्रिश्चन नोव्हेट्स्की यांनी नामदेवांवरच्या पुस्तकात जे लिहिलंय, तेवढं तरी आधी वाचा.

छापील गाथेतला पाठ समोर असला तरी प्रत्यक्ष प्रयोग नोंदवायला जा, आणि नोंदवताना एक गोष्ट वहीत नक्की लिहा : गाणारा थांबतो कुठे. पोराच्या खरजेवर सगळ्यात मोठा हशा येतो. तिथेच आटोपलं तर ते सासरची टिंगल करणारं गाणं राहतं. शेवटचं कडवं आलं, तर तोपर्यंत हसणाऱ्या बायकांच्या चेहऱ्यांकडे बघा आणि जे दिसेल ते तारखेसकट टिपून ठेवा.